तात्यांची घरची काडतुसं

बंदूकवाल्यांच्या गप्पांत शिकार कमी आणि आवाज जास्त. अलिबागहून रेवसला जाताना आमचं गाव लागतं. पिकं राखायची म्हणून आम्हा तिघाचौघांकडे परवान्याच्या बंदुका होत्या. डुकरं किती मारली ते विचारू नका. किस्से मात्र इतके साठले की कुणाला ऐकवायला बसलं की चहा दोनदा टाकावा लागतो.

त्यातले निम्मे आमच्यातल्या तात्यांचेच. साठ सालच्या आसपास विलायती काडतुसं मिळेनाशी झाली, मिळाली तर परवडेनात. तात्यांनी कुठूनसं एक पितळी यंत्र पैदा केलं आणि उडवलेली काडतुसं घरीच पुन्हा भरायला लागले. "अर्ध्या खर्चात काम," असं ज्याला त्याला सांगायचे. काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे पटेना. कारण मागच्या दारचे वाल डुकरं दर हिवाळ्यात खायची ती खायचीच. शेवटी काकूंनी निकाल दिला, "औंदा वाल घरात आलं तर तुमचा कारखाना राहील. न्हायतर ते यंत्र मोडीत घालीन."

तात्या हादरले. त्या यंत्रावर त्यांचा जीव होता. रोज संध्याकाळी ओटीवर बसून ते तेलाच्या फडक्याने पुसायचे, तेव्हा त्यांच्या तोंडावर जे समाधान दिसायचं त्याचा मला खरंच हेवा वाटायचा.

*

हिशेबावरून तात्यांशी भांडायचं काम बापूंचं. बापू अलिबागच्या कोर्टात कारकून. ते म्हणाले, "तात्या, बंदुकीची दारू आणि काडतुसाच्या बुडाला ठिणगीच्या टोप्या आणायला तुम्ही लाँचने मुंबईला जाता. भाडं, खानावळ, आणि परत येताना काकूंची समजूत काढायला लुगडं. हे सगळं काडतुसाच्या अंगावर घाला की!"

"कशाला घालू? मुंबईला मी तसाही गेलोच असतो."

"कशासाठी?"

तात्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "काडतुसांच्या टोप्या आणायला."

*

काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये जाड फेल्टची चकती बसवावी लागते. बापू डोक्याला काळी फेल्टची टोपी घालायचे. जुनी टोपी खुंटीवर आहे, ती घेऊन जा, असं त्यांनी मोठ्या मनाने सांगितलं. खुंट्या दोन होत्या. तात्यांनी भलतीच टोपी उचलली, माथ्यावरच्या चकत्या नीट कापून घेतल्या आणि सभ्य माणसासारखी टोपी परत जागेवर अडकवली.

दुसऱ्या दिवशी बापू ती घालून कोर्टात गेले. कागद द्यायला वाकले तेव्हा साहेबांना टोपीतून बापूंचं टक्कल दिसलं, तेही ठिकठिकाणी. साहेब कोकणातलेच. शांतपणे म्हणाले, "बापू, पावसाळ्याच्या आत शाकारून घ्या."

*

छर्र्यांसाठी शिसं लागतं. किनाऱ्यावर शिसं कुणाकडे, तर जाळ्याला वजनं बांधणाऱ्या कोळ्यांकडे. तात्यांचा दोस्त धर्मा नाखवा म्हणाला, अंगणात फाटकं जाळं पडलंय, त्याचं काढून न्या. तात्यांनी काढून आणलं, वितळवलं, छर्रे पाडले.

दोन दिवसांनी धर्मा ओटीवर हजर. "तात्या, नवा जालं पान्यान टाकला त बुडतच न्हाय. म्हावरं आता वर येऊन बसल काय?"

तात्यांनी आत जाऊन छर्र्यांची पिशवी आणली आणि त्याच्या हातात ठेवली. "वजन करून घे. शिसं तुझंच आहे, फक्त बारीक केलंय."

*

समुद्राच्या दमट हवेत कागदी काडतुसं फुगायची आणि बंदुकीच्या नळीत शिरेनात. काकूंनीच उपाय काढला. त्यांच्या पापडाच्या डब्यात काही सादळत नसे. काडतुसं तिथे गेली. पुढे काकूंची धाकटी बहीण माहेरपणाला आली. तिने डबा उघडला, एक लाल नळी वर काढली आणि विचारलं, "अक्का, हे भाजायचं की तळायचं?"

काकू चुलीपासून न हलता म्हणाल्या, "तुझ्या भावोजींना इचार. त्यांनाबी अजून कळलेलं न्हाय."

*

मग पौष आला. वालाच्या शेंगा भरल्या. तात्यांनी उजाडताना मला बांधावर नेऊन बसवलं. माझी बंदूक मात्र घरी ठेवायला लावली, कारण वाल घरच्या काडतुसाने वाचले असंच काकूंना दिसायला हवं होतं. माणूस भलताच काळजीत होता. मलाही वाटत होतं, यंत्र मोडीत गेलं तर हा माणूस संध्याकाळी करील काय?

डोंगराकडून एक थोराड डुक्कर उतरलं आणि सरळ वालात घुसलं. तात्यांनी दुनळीचा नेम धरला, घोडा ओढला. टिच्. दुसऱ्या नळीचा ओढला. टिच्. डुकराने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि परत खायला लागलं.

तेवढ्यात काकू मागच्या दाराने सडा घालायला बाहेर आल्या. त्यांनी डुक्कर पाहिलं. बादली टाकली, कोपऱ्यातला खराटा उचलला आणि डुकराच्या सात पिढ्यांचा उद्धार करत सरळ शेतातून त्याच्यावर धावल्या. डुकराने क्षणभर विचार केला आणि डोंगराची वाट धरली, ते मागे वळून पाहायला थांबलं नाही.

तात्यांनी बंदूक मधोमध उघडून दोन्ही काडतुसं बाहेर काढली आणि काकूंसमोर धरली.

"बघितलंस? वाल वाचलं, आन् काडतूस एकबी खर्च झालं न्हाय. आता बोल, परवडतं का न्हाय?"

काकूंचा दम अजून खाली बसला नव्हता. पदर खोचत त्या म्हणाल्या, "परवडतं की. फुडल्या वर्साला मलाच भरा त्या बंदुकीत."