नारळाबरोबरची बाटली

नारळी पौर्णिमेला कारखान्यांमागच्या खाडीवर गेले. पूर्वी इथल्या धक्क्याला मिठाची गलबतं लागत. आता दोन्ही काठांवर कंपन्यांच्या भिंती आहेत आणि मधून उरलेली खाडी वाहते. कोळीवाड्यातल्या जानकीमावशींनी नारळ सोडला. मी सवयीने वाकून पाण्यात बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावणार, तोच मावशींनी माझं मनगट घट्ट धरलं.

"अगो बाय, डोल्यांना नको लावू! आग होते."

जिला आत्ता नारळ दिला, तिचंच पाणी आम्हाला चालत नव्हतं! नारळाच्या पिशवीतूनच मावशींनी बाटली काढली. नळाचं पाणी घरून भरून आणलं होतं. त्याने त्यांनी माझी बोटं धुतली, स्वतःची धुतली आणि त्याच ओल्या हातांनी पुन्हा खाडीला नमस्कार केला.