अर्धेलीची कुत्री

"माझं आडनाव लावू नगंस तिला. आधीच सांगून ठिवते."

काउंटरमागची पोरगी कॉम्प्युटरवर बोटं टेकवून थांबली. "आजी, आडनाव टाकल्याशिवाय सिस्टीम पुढं जात नाही. कोको... पुढं काय?"

"फुडं काय न्हाय. कुत्री हाय ती. तिच्या आयलाबी आडनाव नव्हतं."

"बरं, मग कोकोची ममा कोण? तुम्हीच ना?"

"बाई, मी तीन येळा बाळत झाले. तिन्ही येळंला मानूसच झालं. थोरल्याचं तेवढं खात्रीनं सांगत न्हाय."

मागं उभा असलेला मच्छिंद्र खाली बघून हसला. तो ह्या म्हातारीचा, बायडाबाईचा, पुतण्या. त्याच्याच रिक्षातनं, गोणपाटात गुंडाळून, कुत्री आणली होती. ते गोणपाट आता दवाखान्याच्या पांढऱ्याफेक फरशीवर पसरलं होतं आणि त्यावर कुत्री थडाथडा उडत होती. तोंडाला फेस आला होता, पाय ताठले होते.

बायडाबाई खुटवडला कुत्र्यांचा कळवळा होता, असं कुणी समजू नये. कात्रजच्या पुढं आंबेगावात तिचं घर. त्या घरात कुत्रं म्हणजे शिळा तुकडा टाकला की रात्रीचं भुंकणारी वस्तू. जगलं तर जगलं. मेलं तर पाय धरून ओढ्याकडं नेलं, संपलं. रान बिल्डरला गेलं तेव्हा पोरांनी पैशाच्या गाड्या घेतल्या आणि गाड्यांनी पोरांना ढाब्यावर नेलं. म्हातारीनं मात्र हाताला लागलं तेवढ्यात दहा खोल्या उठवल्या आणि आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिल्या. खोल्यांच्या मागं गोठा, गोठ्यात दोन म्हशी. भाड्यानं पोट भरत होतं, पण म्हशीबिगर सकाळी उठायचं कशाला, हे तिला कळत नव्हतं.

भाडेकरूंबद्दल तिचं मत गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं सकाळी गळ्यात कंपनीचा पट्टा अडकवून हिंजवडीच्या बसला उभी राहायची. बायडाबाई शेणाची पाटी डोक्यावर घेऊन जाता जाता म्हणायची, "पट्टं घातलं का रं सगळ्यांनी? न्हायतर मुन्शिपाल्टी उचलून न्हील."

त्यातलाच एक दत्तप्रसाद काळमेघ, अमरावतीचा. त्यानं पहिल्या पगारवाढीला ही लॅब्राडोर जातीची कुत्री घेतली. पिवळट रंग, बैलाएवढं डोकं आणि अक्कल सशाची. चोर आला तर त्याला घर दाखवील अशी. दत्तप्रसाद तिला पुड्यातलं खाणं घालायचा. बायडाबाईनं एकदा ते तळहातावर घेऊन बघितलं. "दिसाय शेळीच्या लेंड्या, आन भाव बदामाचा," ती म्हणाली, आणि तो पोरगा हसला. तो सगळ्याला हसायचा. तशी सवयच असते त्या पोरांना.

मग कंपनीनं त्याला सहा महिने अमेरिकेला पाठवायचं ठरवलं. बॅगा भरता भरता तो खाली आला. "आंटी, कोकोला ठेवाल का? महिन्याचा खर्च मी देतो ना."

बायडाबाईला खर्च नको होता. शेजारच्या सोसायटीतल्या बाईनं असलंच एक पिल्लू घेतलं होतं आणि त्याची किंमत ऐकून बायडाबाई तीनदा "काय?" म्हणाली होती. एका पिल्लाला पारडाचा भाव. आणि कुत्री एका झटक्यात आठ-आठ घालते. म्हैस वर्षाला एक देते, तोही रेडा निघाला की बोंब.

"पैकं न्हाईत," ती म्हणाली. "अर्धेलीनं ठिवते. खानं-पिनं माझं. पिल्लं झाली की निम्मी माझी, निम्मी तुझी. आजारपान आलं तर तुझं, पर माझ्या हातनं काय चुकलं तर माझं. मेली तर कातडं दाखवीन. कबूल?"

त्याच्या कानात वायरी होत्या. एक काढून तो म्हणाला, "डन, आंटी."

तिच्या लेखी सौदा बांधला गेला. गावात गाय, म्हैस, शेळी अशीच अर्धेलीनं दिली जाते. ना कागद, ना अंगठा. जनावर मेलं तर सांभाळणाऱ्यानं त्याचं कातडं मालकापुढं टाकायचं, म्हणजे विकून खाल्लं नाही हे दिसावं. तिच्या सासऱ्यानं अशीच एक कालवड ठेवली होती. ती त्याच्या हयगयीनं विहिरीत पडली, तर त्यानं कातडं नेऊन टाकलंच, वर आपल्या दावणीची कालवड सोडून दिली. दत्तप्रसादच्या लेखी मात्र त्यानं एका म्हातारीच्या बोलण्याला मान हलवली होती, एवढंच.

कुत्री गोठ्यात बांधली. पुड्यातलं खाणं संपलं तशी भाकर-ताक खायला लागली, आणि चांगली खायला लागली. फक्त माज काही येईना. बायडाबाई रोज शेपटीखाली बघायची आणि थुंकायची. दरम्यान म्हशींच्या अंगावरचे गोचीड कुत्रीवर चढले. कानात, बोटांच्या बेचक्यांत, द्राक्षासारखे लोंबायला लागले. आज सकाळी म्हशींना गोचिडाचं औषध चोळायचं होतं. तिनं रीतीनं दोन्ही म्हशींच्या तोंडाला दोरीची मुसकी बांधली, कारण ओलं अंग चाटलं की औषध पोटात जातं. म्हशी झाल्या. बादलीत उरलं होतं. उरलेलं ओतून कशाला द्यायचं, म्हणून कुत्रीला नखशिखांत चोळलं. मुसकी बांधली नाही. कुत्र्याला कसली मुसकी? दहाच्या सुमाराला कुत्री शेणात लोळत, फेस काढत होती.

मच्छिंद्रनं जवळचा म्हणून हा धनकवडीतला दवाखाना गाठला होता. आत गार हवा, भिंतीवर झोपलेल्या मांजराचा भलामोठा फोटो, कपाटात कुत्र्यांचे स्वेटर. "पुन्यात कुत्र्याला थंडी वाजती," बायडाबाई मच्छिंद्रला म्हणाली. "आन तुझा चुलता बनेनवर ग्येला."

डॉक्टर बाहेर आला. तरणा, गोरा. कुत्रीपुढं उकिडवा बसून म्हणाला, "ओ बेबी, काय झालं माझ्या बेबीला?" बायडाबाईनं आधी त्याची डावी बाही बघितली. डॉक्टर पारखायची तिची ही रीत होती. ज्याचा डावा हात खांद्यापर्यंत म्हशीत गेलेला नाही, तो जनावराचा डॉक्टर कसला? ह्याच्या बाहीला इस्त्री होती.

"आजी, विष कातडीतनं अजून मुरतंय," मच्छिंद्रकडनं औषधाचं ऐकून तो म्हणाला. "आधी धुवायला हवं, मग सलाईन. दोन दिवस ठेवून घेऊ. तिथं पाच हजार भरा, मी लगेच सुरू करतो. आपली बेबी बरी होणार हं, काळजी नको."

पाच हजार ऐकून तिला जेवढं लागलं नाही, तेवढं 'आपली बेबी' ऐकून लागलं. जन्म गुरांच्या बाजारात गेलेला. जो दलाल गोड बोलतो त्याचा बैल एका डोळ्यानं आंधळा असतो, हे तिला तिच्या बापानं चालायच्या आधी शिकवलं होतं.

"उचल रं," ती मच्छिंद्रला म्हणाली.

"काकी, कुत्री मरंल."

"उचल. शनवारात जायचं."

शनिवार पेठेत जनावरांचे जुने डॉक्टर फाटक होते. पूर्वी बायडाबाईचा नवरा सायकलवरनं पेठेत दुधाचा रतीब घालायचा, आणि तो पडून राहिला की बायडाबाई बसनं यायची. फाटक दारात उभं राहून रोज दूध काचेच्या नळीनं तपासायचे आणि रोज अपमान करायचे. "बाई, पाणी आमच्याकडं नळाला येतं. तुम्ही त्रास घेऊ नका." वीस वर्षांत एक गोड शब्द नाही. पण पैसे एक तारखेला दारात. असा माणूस फसवायला लागला तर त्याला आधी हसायला शिकावं लागेल, असा तिचा हिशेब.

स्वारगेटला उड्डाणपुलाच्या कामात रिक्षा अडकली. पुढं बस, मागं टेम्पो, बाजूला हेल्मेटवाली पोरं. बायडाबाईनं पुढच्या सगळ्यांच्या आयांचा उद्धार केला, पण हळू आवाजात, कारण मांडीवरच्या गोणपाटातलं उडणं कमी व्हायला लागलं होतं. ते तिला बरं वाटेना. जनावर तडफडतं तोवर जगायच्या गोष्टी करतं.

डॉक्टर फाटकांनी दार उघडलं, चष्म्याच्या वरनं बघितलं. ओळखलं. "या. दूध बंद झालं म्हणून सुटलो होतो. आता कुत्रं आणलंत? ह्यात पाणी किती घातलंय?"

"गोचिडाचं औषाद लावलं व्हतं."

"किती?"

"म्हशीला लावते तसं."

"ही म्हैस आहे का?"

"न्हाय."

"म्हणजे दृष्टी शाबूत आहे. म्हशीचं तोंड बांधता?"

"बांधते."

"मग हिचं?"

"कुत्र्याला कोन मुसकी बांधतं?"

"बरोबर. म्हणून म्हैस घरी आहे आणि ही इथं." त्यांनी बोलता बोलता कुत्रीच्या पायात सुई सारली होती. "वाटेत दवाखाने लागले नाहीत?"

"येका ठिकानी ग्येलतो. त्योबी म्हनला धुवाय पायजे."

"मग?"

"लय गोड बोलत व्हता."

"गोड बोलणं हा रोग नाही, बाई. उशीर हा आहे. त्यानं बरोबर सांगितलं होतं. आणि माझेही तेवढेच होतील, शिव्या फुकट. चला, साबण घ्या, मोरीत बसा. मी धुणार नाही, माझी कंबर गेली आहे."

बायडाबाईनं कासोटा खोचला आणि कुत्री धुवायला घेतली. कोमट पाणी, साबण, पुन्हा पाणी. आयुष्यात तिनं एवढं धुणं स्वतःच्या नातवाचं केलं नव्हतं. पोट धुवायला कुत्री उताणी केली, तसा डॉक्टरांनी काठीच्या टोकानं इशारा केला.

"ती रेघ दिसते?"

पोटाच्या मधोमध टाक्यांचा जुना वण होता, बोटभर.

"हिची पिशवी काढलेली आहे. पिल्लं-बिल्लं काढायचा विचार असेल तर सोडा."

बायडाबाईचा हात पाण्यात थांबला. बाजारात म्हैस घेताना ती तिच्या कासेखाली डोकं घालून बसायची, सड न सड चाचपायची. तिनं पारखलेली म्हैस घ्यायला वाघोलीपर्यंतची माणसं यायची. आणि ह्या कुत्रीचं पोट तिनं पाच महिन्यांत एकदा उलटून बघितलं नव्हतं. कुत्र्याचं पोट काय बघायचं? दत्तप्रसादनं फसवलं असतं तरी मान राहिला असता. त्याला तर सौदा झाल्याचंच ठाऊक नसणार.

मच्छिंद्र दारातनं म्हणाला, "काकी, भाकड जनावरावर पैसं घालतीस व्हय? सोड हितंच. त्याला सांगू, मेली."

डॉक्टर सलाईनची बाटली हातात धरून उभे होते. "ठरवा लवकर. एक वाजला की मी झोपतो. लावू की नको?"

बायडाबाईनं कुत्रीकडं बघितलं. कुत्रीनंही बघितलं, पण ती बघणं आणि न बघणं सारखंच करणारी जात. शेपटी मात्र मोरीच्या फरशीवर एकदा आपटली. जिनं विष चोळलं तिच्यापुढंच. एवढं बिनडोक जनावर तिनं पाहिलं नव्हतं.

"लावा," ती म्हणाली.

"का?" फाटकांना खरंच ऐकायचं होतं.

"अर्धेलीचं जनावर माझ्या हातनं मेलं तर कातडं दावावं लागतं. हिचं कातडं अमेरिकेला कोन धाडनार? तुमी?"

फाटकांनी सलाईन लावली. ते हसले नाहीत, पण त्या दिवशी एकला झोपलेही नाहीत.

कुत्री जगली. पाठीवरचे केस गेले, उजवा कान सारखा हलत राहिला. बायडाबाईनं पैसे कमरेच्या पिशवीतनं दिले. दत्तप्रसादचं डिपॉझिट तिच्याकडं पडून होतं, पण चूक आपल्या हातची, त्यातनं वळतं करणं तिच्या रीतीत बसत नव्हतं. तिसऱ्या रविवारी त्याचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं, औषध, मुसकी, वण, काही न लपवता.

"आंटी, ते निम्मं-निम्मं तुम्ही सिरियसली म्हणत होतात?" तो म्हणाला. "ऑपरेशन तर मी आधीच करून घेतलं होतं. आणि आंटी, इथं माझं वाढलंय, दोन वर्षं तरी. कोकोला कुणाला तरी अ‍ॅडॉप्शनला द्या ना. नाहीतर तुम्हीच ठेवा. पूर्ण तुमची."

"पुरी?"

"पूर्ण."

"भाकड जनावर दान द्यायला लय मोठं काळीज लागतं बाबा," बायडाबाई म्हणाली. "ते अमेरिकेत मिळतंय वाटतं. ठिव फोन, मला काम हाय."

आणि काम होतंच. म्हशींना गोचीड पुन्हा झाले होते. बायडाबाईनं बादलीत औषध कालवलं, दोन्ही म्हशींना मुसक्या बांधल्या. मग खुंटीवरनं तिसरी काढली. सुतळीची, मुठीएवढी, दुपारी बसून विणलेली. फाटकांनी सांगितलं होतं तसं कुत्रीसाठी वेगळ्या वाटीत नावालाच औषध घेतलेलं होतं.

"हिकडं ये, माझ्या आडनावाचे," ती म्हणाली. कुत्री शेपटी हलवत आली आणि आपणहून मुसकीत तोंड घातलं. "बिनडोक," बायडाबाई म्हणाली, दोरी आवळली आणि थोरल्या म्हशीच्या पाठीकडं वळली.