लाकडासारखं दिसणारं लाकूड

आमच्या जिल्ह्यात उत्तरेला सातपुडा सुरू होतो, तिथल्या एका कड्यावर पर्यटकांसाठी तीन निवारे बांधायचे ठरले. फायलीवर नाव होतं ‘शाश्वत काष्ठ निवारे’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. कारण त्यातले दोन सिमेंटचे होते. सिमेंटचे खांब, त्यावर सालीच्या रेषा, गाठी आणि तपकिरी रंग. बागेत सिमेंटचा ससा कचऱ्यासाठी तोंड उघडून बसतो ना, त्याचेच हे भाऊबंद.

नकाशे काढायला मला बोलावलं होतं. मी बुलडाण्यात घरांचे नकाशे काढते. जिना कुठे आणि देवघर कुठे, यावर नवराबायकोची भांडणं सोडवणं हा माझा मुख्य धंदा. इथे मात्र मीच भांडले. म्हटलं, तीनपैकी एक तरी खरोखर लाकडाचा करा. झाडही तोडायला नको. मोडीत निघालेल्या बैलबंड्या आणि उतरवलेल्या घरांच्या तुळया गावोगाव पडून आहेत. कामावरच्या सरकारी साहेबांनी होकार दिला, बहुधा मी गप्प बसावं म्हणून.

काम केलं माझ्या वडिलांनी. बाबा वरवट बकाल गावचे सुतार. उभ्या आयुष्यात त्यांनी तिफणी, वखर, बंड्या आणि दारांच्या चौकटी केल्या. ट्रॅक्टर आल्यावर लोक त्यांच्याकडे खाटेचा पाय ठोकायला येऊ लागले. त्यातच काचबिंदू झाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. बाबांनी ती सांभाळली नाही. ती सगळी त्या निवाऱ्यावर खर्च केली. मी नको म्हटलं तर म्हणाले, “डोये असेतोवर एक तरी काम असं करू दे, का लोकं बसतीन त्याच्यात.”

एका लाकडाला खाच, दुसऱ्याला त्यात बसणारं कुसू, वरून लाकडाचीच खुंटी. लोखंडाचा एक खिळा नाही. जोड बसला की बाबा त्यावरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख अडकलं की जोड चुकला. शेवटी शेवटी ते डोळे मिटूनच काम करायचे, उघडे ठेवून तरी काय दिसत होतं. दरीकडच्या कोपऱ्यातल्या खांबावर मात्र नख अडकलंच. केसभर फट राहिली होती. बाबांना तो जोड उकलून पुन्हा करायचा होता. मी म्हटलं, राहू द्या, कोणाला दिसणार आहे? ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

उद्घाटनाच्या आधी साहेब पाहणीला आले. लाकडाच्या निवाऱ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. बंडीचं लाकूड काळं, तुळई तांबूस, एका खांबाला जुन्या कडीचं भोक. साहेबांचा चेहरा मुलगी पसंत न पडलेल्या वरबापासारखा झाला.

“मॅडम, हे लाकडासारखं वाटत नाही,” ते म्हणाले. “बाजूचे बघा.”

बाजूचे म्हणजे सिमेंटचे! मी हसले, तर ते हसत नव्हते. तिन्ही एकसारखे दिसायला हवेत, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग हळूच त्यांनी सांगितलं की पुढच्या वर्षी दुसऱ्या डोंगरावर असेच निवारे व्हायचेत आणि नकाशे मीच काढावेत अशी त्यांची इच्छा आहे. एवढं सांगून त्यांनी ‘रंगकामास हरकत नाही’ असा कागद पुढे केला. शाश्वत या शब्दावर मी तोवर तीन भाषणं ठोकली होती. पेन मात्र लगेच सापडलं.

पेंटर गडी कलाकार निघाला. आधी लांबी, म्हणजे पुट्टी, भरून सगळ्या फटी बुजवल्या, मग तपकिरी रंग दिला आणि खऱ्या गाठीच्या शेजारी ब्रशने खोटी गाठ काढली. खोटी जास्त खरी वाटत होती, हे मला मान्य करावंच लागेल.

बाबांना मी काही सांगितलं नाही. उद्घाटन झालं, हारतुरे झाले, त्यात सुताराला बोलवायचं कोणाला सुचलं नाही. बाबा रोज विचारायचे, कधी नेतेस? मी रोज काहीतरी काम काढायचे. महिनाभराने नेलंच. तोवर त्यांना फक्त उजेड कळत होता.

त्यांनी दरीकडचा कोपराच मागितला. मी हात धरून त्या खांबापाशी उभं केलं. त्यांनी अंगठा फिरवला. वरून खाली, खालून वर.

“हा नाही, बाई,” ते म्हणाले. “एवढा साफ म्या नाही केला. तू मले सिमिटाच्या खांबाजोळ आणलं.”

मी म्हटलं, हाच आहे. त्यांनी बोटाच्या पेराने खांब वाजवला. लाकूड बोललं. मग त्यांनी तळहात त्या गुळगुळीत रंगावरून फिरवला. रंग कोणी दिला विचारलं. मी म्हटलं, सायबानं. आणि मग सांगून टाकलं, सही माझी आहे.

तेवढ्यात तिथला राखणदार आला आणि बाबांना म्हणाला की हात लावू नका, पाटी वाचा. पाटीवर काय लिवलं हाय, बाबांनी मला विचारलं. पाटीचा मजकूरही माझाच होता, फार गोंडस लिहिला होता. तो मला मोठ्याने वाचावा लागला. “कृपया हात लावू नका. डोळे भरून पाहा.”

“मंग मी कसा पाहू, बाई?”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी पर्समधून स्कूटीची चावी काढली आणि त्या जोडावरचा रंग खरवडायला लागले. राखणदार म्हणाला, साहेबांना कळवतो. म्हटलं, कळव, माझी सही त्यांना ओळखीची आहे. रंग निघाला, लांबी निघाली, बरंच खरवडल्यावर आतली फट लागली. मी बाबांचा अंगठा तिथे नेऊन ठेवला.

नख अडकलं.

“हा,” बाबा म्हणाले. “हा माहा.”