चाकं नसलेली जोडी

अमरावतीत आमचं तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं दोरीनं ओढतात त्या चाकांच्या लाकडी बैलांचं दुकान होतं. यजमान घडवायचे, मी रंगवायची. त्यांच्या हाताला एकच खोड होती, त्यांचा बैल कधी मोडत नसे. थोरल्याचा धाकट्याला जाई, धाकट्याचा पुतण्याला. परतवाड्याहून एसटीच्या टपावर साग आणायचा आणि गिऱ्हाईक पुन्हा दाराशी येऊ नये असा बैल घडवायचा, असा आमचा धंदा.

"सालईच्या हलक्या लाकडाचे करा," मी म्हणायची.

"सालई किडते."

किडली तर बरंच की, असं मी मनात म्हणे. कधी कधी तोंडावरही.

एकोणीसशे साठ साल उलटल्यानंतर एका वर्षी पावसानं पाठ फिरवली. खेळण्याला कोण विचारतो? थोरले दीर अकोल्याला कापसाच्या जिनात होते, तिथे एक जागा रिकामी होती. हा पोळा कोरडा गेला तर दुकानाला कुलूप लावून अकोल्याला जायचं, असं ठरलं. मला जायचं नव्हतं. रंगाच्या वाट्या सोडून मी तिथे जिनाचा भोंगा ऐकत बसणार होते का?

पोळ्याच्या आधी अचलपूरकडचा एक शेतकरी आला. चारा नाही म्हणून त्यानं बैलजोडी बाजारात विकली होती.

"गोठा रिकामा हाये," तो म्हणाला. "पूजा कोनाची करू? जोडी करून द्या. डावा तांबूस कोसा, उजवा पांढरा. पांढऱ्याचं एक शिंग खाली."

यजमानांनी जोडी केली आणि सवयीप्रमाणे खाली चाकं ठोकली. माणूस न्यायला आला. बाजारात पाहतात तसा त्यानं दोघांच्या पाठीवरून हात फिरवला, वशिंड दाबून पाहिलं. मला हसू येत होतं. मग त्यानं कोशाला डाव्या अंगाला सरकवलं आणि चाकांकडे बोट दाखवलं.

"हे काढा, मिस्त्री. हे खेळाचे नाईत."

माझं हसू तिथेच राहिलं. यजमानांनी चाकं काढली.

तो गावात बोलला असावा. गोठे रिकामे झालेले आणखी लोक आले, आपापल्या बैलांचं वर्णन सांगत. त्या पोळ्यानं दुकान वाचवलं. लोकांचे बैल गेले म्हणून आपली चूल पेटली, हे मला कळत होतं. तरी मी खूश होते, खोटं कशाला सांगू?

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. हाती आलं ते लोकांनी खऱ्या बैलांत घातलं. पोळ्याच्या तोंडावर तोच शेतकरी आला आणि लाकडी जोडी त्यानं फळीवर ठेवली.

"खरे आले घरी. हे ज्याच्या गोठ्यात नसतील त्याले द्या."

यजमान इतके खूश झाले की त्याला चहा पाजला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो गेल्यावर मी म्हटलं, "याले चाकं लावा अन् तान्ह्या पोयात इका. तेवढीच इक्री होईन."

"नाई लावत."

"कावून?"

"मागच्या साली काढली ना."

त्या वर्षी विक्री अशी झालीच नाही. दिवाळीनंतर दुकानाला कुलूप लागलं आणि आम्ही अकोल्याला आलो. यजमानांनी हत्यारं विकली. ती जोडी मात्र गोधडीत गुंडाळून आणली, तेव्हाही मी कुरकुरले.

जिनाच्या खोलीतला पहिला पोळा आला. सकाळी उठले तर यजमानांनी पाट मांडला होता. त्यावर जोडी, कोसा डावीकडे, पांढरा उजवीकडे. समोर ते हात जोडून बसले होते, आणि त्या हातांना जिनातला कापूस चिकटलेला होता. गोठा रिकामा झालेला माणूस कसा दिसतो, ते मी आधी पाहिलं होतं. मला रडू आलं.

मी पुरणपोळी केली, तिचा घास मोडला आणि आधी कोशाच्या तोंडाला लावला, मग पांढऱ्याच्या.