बिबट्याला गाणं आवडलं तर?

मंडळी, आज शेतात हसता हसता तोंडावर पडले.

आमच्या बोरी गावात, आमच्या कांद्याशेजारच्या उसात बिबट्या दिसलाय. खुरपायला बसायचं म्हणजे जीव मुठीत. म्हणून सकाळी वनखात्यातली एक तरुण पोरगी बांधावर आली. म्हणाली, "मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावा. आवाज असला की तो जवळ येत नाही."

माझ्या सासूबाईंनी खुरपं थांबवलं. "आन् रोज तेच गाणं ऐकून त्याला सवय झाली तर? लई आवडलं तर?"

आम्ही सगळ्या बाया फिदीफिदी हसलो. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, गप बसा की!"

ती पोरगी मात्र हसली नाही. "आजी, मला माहीत नाही. साहेबांना विचारून सांगते."

दुपारी खरंच तिचा फोन आला. "आजींचं बरोबर आहे, एकाच आवाजाची सवय होऊ शकते. त्यापेक्षा तुम्हीच एकमेकींशी मोठ्यानं बोलत राहा."

झालं! तेव्हापासून आत्याबाई बोलतायत.

"माहीत नाही, विचारून सांगते" म्हणणारं माणूस तुमच्या कामावर कुणी आहे का? असेल तर जपा. आणि प्रश्न विचारणारंही.

मी तर उद्या खुरपायला आत्याबाईंच्या अगदी शेजारी बसणार आहे.