मेल बाहेर थांबतो

सर्व्हर बंद असायचा तेव्हा माझ्या हातून कोणाचं नुकसान झालं नाही. जे झालं ते तो नीट चालू असताना झालं.

दोन हजार सातच्या आसपासची गोष्ट आहे. फुलचूरकडच्या एका खाजगी कॉलेजात मी कॉम्प्युटर लॅब सांभाळत होतो. मुलांना टायपिंग शिकवायचं, थोडं प्रोग्रॅमिंग, प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढायचा, एवढंच माझं ज्ञान. कॉलेजचा मेल सर्व्हर पाहणारे इंजिनीअर रायपूरला नोकरी लागली म्हणून अचानक निघून गेले. जाताना त्यांनी मला पासवर्ड तेवढा सांगितला. संस्थेचे सचिव राइस मिलवाले होते. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"मास्टर, सोमवारपर्यंत समजून घ्या. विद्यापीठाची कमिटी येऊन राहिली."

"साहेब, मला यातलं काही येत नाही."

"ट्रॅक्टर चलानेवाला ट्रक नहीं चलाता क्या?" म्हणत ते हसले. मीही हसलो. तिथेच नाही म्हणायला हवं होतं.

बाजारातल्या सायबर कॅफेतून मी पानंच्या पानं छापून आणली आणि कळो न कळो, त्यातल्या आज्ञा जशाच्या तशा टाइप करत गेलो. सोमवारी मेल जायला-यायला लागला. कमिटी येऊन गेली. ते यंत्र माझ्या हाताखाली होतं, पण ते काय करत होतं हे मला माहीत नव्हतं.

एक गोष्ट मला पक्की समजली होती. तेव्हा भारनियमन जोरात होतं. दुपारी लाईट जायची, यूपीएस थोडा वेळ कुरकुरून गप्प व्हायचं. तेवढ्या वेळात आलेले मेल बुडत नाहीत, पाठवणाऱ्याचा सर्व्हर ते जवळ ठेवतो आणि पुन्हा पुन्हा येऊन पाहतो, असं त्या कागदांत लिहिलं होतं. मी ते कॉलेजभर सांगत फिरलो. मला येणारं तेवढं एकच होतं.

ऐकणाऱ्यांत रसायनशास्त्राच्या एक मॅडम होत्या. सालेकशाहून पॅसेंजरने यायच्या. घरात कॉलेजपर्यंत पोचलेल्या त्या पहिल्याच. तासिका तत्त्वावर शिकवायच्या, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यांचंच मानधन. हैदराबादच्या एका संशोधन संस्थेत त्यांनी फेलोशिपसाठी अर्ज केला होता. वयाच्या अटीमुळे ती त्यांची शेवटची संधी होती. कॉलेजचा मेलचा पत्ता दिला तर वजन पडेल म्हणून त्यांनी अर्जात तोच टाकला होता. मुलाखतीचं बोलावणं मेलवर यायचं होतं.

दुपारचा तास संपला की त्या लॅबमध्ये येऊन आपली मेलची पेटी उघडत.

"काऊन सर, आजही नाही?"

"मेल कुठं जात नाही मॅडम. लाईट गेली तरी बाहेर थांबतो."

"मंग बाहेर उभा राहून चहा पिऊन राहिला असन," असं म्हणून त्या वर्गाकडे जात.

त्याच सुमारास फालतू मेलचा लोंढा सुरू झाला. कोणीतरी आमच्या कॉलेजच्या नावापुढे मनाला येतील ती नावं लावून त्या पत्त्यांवर हजारो मेल पाठवत होतं आणि सर्व्हर ते सगळे घेत होता. डिस्क भरली. सचिव ओरडले. माझ्या कागदांत उपाय होता: आपल्या माणसांची यादी सर्व्हरला द्या, यादीबाहेरच्या नावाचा मेल तो दारातूनच परत करेल. मी हिशेबाच्या खोलीतून पगारपत्रक आणलं आणि त्यावरची सगळी नावं घातली. एकही सुटू नये म्हणून दोनदा ताडून पाहिलं.

लोंढा थांबला. सचिव म्हणाले, "देखा? आ गया ना ट्रक चलाना?" सर्व्हरवरचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकत राहिला. ती शांतता मला बरी वाटली, आणि आता तिचीच मला भीती वाटते.

मॅडम येत राहिल्या. जुने मेल उघडत होते, नवीन पाठवता येत होते. फक्त येत काही नव्हतं. मी रोज तेच वाक्य सांगत होतो.

एक दिवस त्या आल्या आणि बसल्याच नाहीत.

"तिकडं फोन लावला होता सर. मुलाखती होऊन गेल्या. त्यायनं मेल पाठवला होता, तो वापस गेला म्हणते. असा कोणी माणूसच इथं नाही म्हणून."

तेव्हा मला ते पगारपत्रक आठवलं. तासिकावाल्यांचं मानधन व्हाउचरवर निघायचं. पगारपत्रकात त्यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. त्यांना कॉलेजातून कोणी मेल करत नसे, सूचना फलकावर लागायच्या, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"त्यांनी पत्ता चुकवला असेल," मी म्हणालो.

"पत्ता मीच भरला होता, सर. माझंच चुकलं असन."

मी त्यांना तसंच जाऊ दिलं.

त्या गेल्यावर मी त्यांचं नाव यादीत घातलं, सगळ्या तासिकावाल्यांची घातली, आणि खात्री करायला त्यांच्या पत्त्यावर एक शब्द पाठवला: टेस्ट. तो पोचला. तो पुसून टाकायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी उघडली.

"हा तुमचा आहे का सर?"

"हो. चालू आहे की नाही ते पाहिलं."

"काऊन, बंद होता का?"

"लाईट गेली होती ना मधे."

त्यांनी पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. आवाज चढला नाही.

"लाईट गेली तर मेल बाहेर थांबते ना, सर? तुमीच तर सांगत होते."

मग त्यांनी पेटी बंद केली, खुर्ची टेबलाखाली सरकवली आणि पॅसेंजर गाठायला निघाल्या. पुढे दोन वर्षं त्या तिथेच शिकवत होत्या. लॅबमध्ये पुन्हा आल्या नाहीत. मी अधूनमधून सर्व्हरवरून त्यांची पेटी पाहायचो. शेवटचा मेल माझाच होता.