टेक्सास ते मेक्सिको, व्हाया परभणी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दुपारच्या डब्याला एक जण काहीतरी सांगतो, दुसरा त्यात तिखटमीठ घालतो, आणि संध्याकाळपर्यंत ज्याचा किस्सा त्यालाच तो नव्यानं ऐकावा लागतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या आमच्या ज्वारी विभागात एकेकाचे वर्षाला दोन-तीन तरी होतात. माझे मात्र एकाच जानेवारीत, अकरा दिवसांत इतके झाले की आता नवीन कुणी रुजू झालं की त्याला आधी तेच ऐकवतात. तेही चुकीचे! म्हणून म्हटलं, एकदा स्वतःच लिहून काढावेत.

मी मुळात घाबरट. मागून कुणी 'मॅडम' म्हटलं तरी दचकते. कपाटाचं दार आपटलं तर हातातली फाइल खाली. अशी मी सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला एकटी टेक्सासला जाऊन आले, यावर माझाच अजून नीट विश्वास बसलेला नाही.

०००

ट्रेनिंगच्या शेवटच्या आठवड्यात तिकडं सोळंके सरांचं पत्र आलं. सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. मेक्सिकोला ज्वारीवर काम करणाऱ्यांची बैठक होती, तिथं ते स्वतः जाणार होते. पण त्यांचा पासपोर्ट नूतनीकरणाला मुंबईला गेला, तो तिकडचाच झाला. विभागात चालू पासपोर्ट माझ्या एकटीचा. 'आपल्या कामाची माहिती आता तूच दे,' असं सरांनी लिहिलं होतं.

मी नकाशा पाहिला. मेक्सिको टेक्सासला अगदी लागून! व्हिसासुद्धा तिथंच मिळाला. दोन आठवडे थांबायचं आणि सरळ पुढं जायचं. तसं मी कळवलं.

उत्तर आलं ते आमचे हेडक्लार्क कोटलवार यांचं. मंजुरीच्या आदेशात 'परभणी येथून प्रयाण' असं नमूद असल्यानं प्रयाण परभणी येथूनच करावं लागेल!

माझं गाव चुडावा. शेजारीच पूर्णा. म्हणजे चुडाव्याहून पूर्णेला जायचं, पण मुंबईमार्गे! पृथ्वीला अर्धा वळसा घालून मी परभणीला आले. अकरा दिवसांनी तेवढाच वळसा पुन्हा घालायचा होता.

आल्या आल्या कोटलवारांना विचारलं, "आदेशात दुरुस्ती नसती का झाली?"

"झाली असती की. पण दुरुस्तीला तीन महिने लागतात, मॅडम. विमानाला दोनच दिवस लागतात!"

०००

त्याच दिवशी सरांनी बोलावलं. शेतातली ज्वारी फुलोऱ्यात आली होती. आमच्या दोन वाणांचा संकर गेल्या वर्षी हुकला होता, कारण दोन्ही एका वेळी फुललेच नाहीत. यंदा पहिल्यांदा एकाच आठवड्यात फुलत होते. काम मोठं नाजूक. दुपारी सुईनं एकेका फुलातले पुंकेसर काढायचे, कणसावर कागदी पिशवी चढवायची आणि दोन दिवसांनी सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग त्यावर झाडायचे. सुई जरा चुकली की फूल गेलं.

"चाळीस कणसं कर," सर म्हणाले. "निम्म्यांत दाणा धरला तर मेक्सिकोला सांगायला आपल्याकडं काही आहे. नाही धरला तर जाण्यात अर्थ नाही. दहाव्या दिवशी बघू आणि त्याच दिवशी तार करू. येते, नाहीतर येत नाही."

कोटलवार फाइल घेऊन उभेच होते. "सर, 'येत नाही' अशी आजच करून टाकू का? बाईमाणसाला ही दगदग..."

मी घाबरट खरी, पण कानशिलं तापली. विभागात माझ्याआधी मुलगी नव्हती. ही तार गेली असती तर पुढच्या कुठल्या यादीत मुलीचं नाव आलं नसतं.

"चाळीस करते, सर!" मी म्हटलं, ताठ उठले, तरातरा चालत गेले आणि दार समजून सरांचं कपाट उघडून आत पाय टाकला.

मागून कोटलवारांचा आवाज आला, "तार तयार ठेवतो."

०००

माझं दुखणं काय ते कुणाला पटत नव्हतं. 'जेट लॅग' हा शब्द मी ऑफिसात सांगून पाहिला. कोटलवार म्हणाले, "विमानात कसला आलाय थकवा? मनमाडला गाडी बदलताना बसायला जागा मिळाली नसेल!"

समजलं ते फक्त गयाबाईला. गयाबाई आमच्या प्लॉटवरची जुनी मजूर. कणसावर पिशवी बांधावी तर तिनंच. मी तिला मनगटावरचं घड्याळ दाखवलं. टेक्सास आणि परभणीत साडेअकरा तासांचा फरक. काटे अर्धा तास सरकवले की घड्याळ बरोबर, फक्त दिवसाची रात्र झालेली! म्हणून दुपारी डोळे मिटतात आणि रात्री टक्क जाग.

"आमचं नातू ह्येच करायलंय की," गयाबाई म्हणाली. "रातभर खेळायलंय, दिवसभर झोपायलंय. ते कोन्या इमानातनं आलं?"

मी अगदी गंभीरपणे विचारलं, "मग त्याला काय करता?"

"दिवसा उनात बसवायचं. बोलत ऱ्हायाचं, डोळं मिटू द्यायचं न्हाई. सांजच्याला तेल लावून न्हाऊ घालायचं. आठ दिसांत लायनीवर येतंय."

मी तिथल्या तिथं उन्हात जाऊन बसले. संध्याकाळच्या तेलाचंही कबूल केलं.

गयाबाई पदर खोचत म्हणाली, "झबलं तेवढं तुमच्या मापाचं न्हाई बगा, ताई!"

०००

सरांनाही काळजी होतीच. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं की अशा माणसाला दुपारी झोपू दिलं तर दुखणं लांबतं. सर शिस्तीचे. त्यांनी आदेशच काढला. माझं एकटीचं नाव घालणं बरं दिसेना म्हणून मजकूर असा झाला: 'विभागात दुपारी बारा ते पाच या वेळेत कुणीही झोपू नये.'

कोटलवारांनी तो स्वतः टाइप केला, तीन प्रतींत. एक फाइलला, एक नोटिस बोर्डावर, एक सगळ्यांच्या सह्यांसाठी. सह्या झाल्या. डबा खाऊन झाला. रोजच्यासारखं कोटलवारांनी खुर्ची मागं रेलली, तोंडावर पेपर पांघरला, आणि सर दारात!

"कोटलवार, आदेश वाचला नाही का?"

त्या दुपारी पाचपर्यंत ते डोळे ताणून बसले होते. मी शेतावरून आले तर जांभई देत म्हणाले, "कमाल आहे, मॅडम! टेक्सासला तुम्ही गेलात आणि झोप आमची गेली!"

०००

सुईच्या कामाला लागले. दुपारचे दोन म्हणजे माझ्या अंगातले रात्रीचे अडीच! पहिल्या दिवशी चार कणसं झाली आणि पाचव्यावर माझं कपाळच टेकलं. तोंडावर पाणी मारलं, चहा घेतला, पाढे म्हटले. सतरापर्यंत आले आणि सतरा चोकला पुन्हा डोळे मिटले.

पाखरं राखायला बांधावर शेखमामू असायचे. पत्र्याचा डबा काठीनं बडवायचे. त्यांनी तो बडवला आणि मी टुणकन उडाले. झोप साफ!

आयुष्यभर ज्या दचकण्याची लाज वाटली, ते दचकणं मला त्या दिवशी पहिल्यांदा उपयोगाचं दिसलं. मी म्हटलं, "मामू, माझ्या मागं उभे राहा आणि दर पाच मिनिटांनी डबा वाजवा."

मामू घाबरले. "बेटी, हाथ में सुई है! दचकली तो?"

प्रश्न बरोबर होता. मग गयाबाईला समोर बसवलं. माझी सुई फुलातून वर आली की तिनं मान हलवायची आणि मान हलली की मामूंनी डबा वाजवायचा. सुई वर, मान, ढण्ण! सुई वर, मान, ढण्ण! बोटं भरून आली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण तीन दुपारींत चाळीसच्या चाळीस कणसं झाली.

शेवटच्या पिशवीला गाठ बसली तेव्हा मामूंनी शेजारच्या, दाण्यात आलेल्या ज्वारीकडं बोट दाखवलं. पाखरं निवांत बसून दाणे टिपत होती.

"बेटी, ये तो सब सरावले. अब अकेली तूच डरती!"

०००

शनिवारपर्यंत पराग झाडून झाले. आता दाणा धरतो का, एवढीच वाट पाहायची. रविवारी चुडाव्याला घरी गेले. गावातल्या बुद्धविहारात माझा सत्कार ठेवला होता. वेळ दुपारी तीनची!

वंदनेला सगळ्यांनी डोळे मिटले. बाकीच्यांनी उघडले.

अध्यक्ष होते आमचे शाळेतले गुरुजी. नामांतराच्या सभा गाजवलेले. तासाच्या आत कधी खाली बसले नाहीत. त्यांचं लक्ष माझ्याकडं गेलं आणि ते माइकवरून म्हणाले, "बघा! पोरगी अमेरिकेला जाऊन आली, पण ध्यान सुटलं नाही! पाऊण तास झाला, पापणी हलली नाही!"

टाळ्यांच्या कडकडाटानं मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "थँक यू! सी यू टुमॉरो!" टेक्सासच्या लॅबमधून निघताना रोज हेच म्हणायची सवय.

लोकांना वाटलं, हेच भाषण. पुन्हा टाळ्या. उतरले तर दोघी-तिघींनी गाठून विचारलं, "ताई, असं ध्यान कसं लावायचं? आमाला बी शिकवा."

घरी उंबऱ्यात चप्पल काढताना आई म्हणाली, "लय घोरत हुतीस. लाउडस्पीकर हुता मनून बरं!"

०००

दहावा दिवस. दुपारी सर जीपनं प्लॉटवर आले. मागं कोटलवार, खिशात दोन तारांचे दोन कागद.

आमच्याकडं संकर केलेल्या प्रत्येक कणसाला दोऱ्यानं एक जाड कागदाचं लेबल बांधलेलं असतं. त्यावर नाव, तारीख, आणि खाली शेऱ्याची जागा कोरी. सर पिशवी काढायचे, कणीस बोटांनी चाचपायचे आणि पेन्सिलीनं शेरा लिहायचे. लिहिताना तो मोठ्यानं म्हणायची त्यांची सवय.

पहिलं कणीस. "गेलं."

दुसरं. "गेलं."

तिसरं. "धरलं."

चौथं. "गेलं."

कोटलवारांनी खिशातला एक कागद बाहेर काढला. गयाबाई माझ्याकडं बघत नव्हती. माझा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून मी बांधावर टेकले, पाठ ज्वारीच्या ताटांना लावली, आणि चाळीसपर्यंत हूं की चूं करायचं नाही असं ठरवलं.

पाचवं काय निघालं ते मला ऐकू आलं नाही.

डोळे उघडले तर उन्हं तिरपी झाली होती. जीप नव्हती. सर नव्हते. कोटलवार नव्हते. गयाबाईसुद्धा नव्हती. चाळीसच्या चाळीस पिशव्या निघालेल्या. घड्याळात साडेपाच. म्हणजे पोस्ट बंद झालं होतं, म्हणजे कोणती का असेना, तार गेली होती. दहा दिवस उन्हात बसून, डबा बडवून घेऊन मी जागी राहिले आणि झोपले ती कधी, तर साक्षात सरांच्या समोर!

शेरे तरी वाचावेत म्हणून धडपडत उठले, तर डाव्या मनगटावर काहीतरी वळवळलं. मी किंचाळले.

दोरा होता. गयाबाईची पक्की गाठ. आणि दोऱ्याला लेबल.

नावाच्या जागी माझं नाव. तारखेच्या जागी उद्याची तारीख. त्याखाली सरांच्या अक्षरात, पेन्सिलीनं शेरा:

'धरलं. मेक्सिकोला पाठवावे. तोवर कुणी उठवू नये.'